नोचेल्लाराच्या बागेतली साक्ष

वीता कांजेमीचा हात लहानपणापासून जड. तिच्या बापाचा त्याहून जड. नोचेल्लारा जातीचं ऑलिव्ह हिरवंगार असतानाच एकेक करून हातानं तोडायचं आणि गळ्यात अडकवलेल्या टोपलीत अलगद ठेवायचं, टाकायचं नाही. बोटाचा दाब जरा जास्त पडला की सालीवर तपकिरी डाग उमटतो. मग ते फळ ताटात जायच्या लायकीचं राहत नाही, घाण्यावर जातं. वीताच्या टोपलीत डागी फळ निघालं की बाप शिडीखाली उभा राहून म्हणायचा, "खाली ये." ती उतरली की कानशिलात बसायची. "जा वर." ती पुन्हा चढायची. रडलेली कुणी पाहिली नाही. तोडणीचं काम मात्र ती अशी शिकली की फळाला बोट लागलंय हे फळालाही कळू नये.

महायुद्ध संपलं तेव्हा ती सतरा वर्षांची होती. बाग बॅरनची, आणि बागेवर राखणदार घोड्यावरून फिरायचे, पाठीला बंदूक अडकवून. त्यातला सारो नावाचा एक जण तिच्या झाडाखाली थांबला. वर बघत काहीतरी घाणेरडं बोलला आणि घोड्यावरूनच तिच्या पोटरीवर हात ठेवून तो वर सरकवायला लागला. वीतानं शिडी धरली आणि खिळेवाल्या बुटाची टाच त्याच्या तोंडावर हाणली. सारो घोड्यावरून उलथा पडला. उठला तेव्हा पुढचे दोन दात जागेवर नव्हते आणि हनुवटीवरून रक्त गळत होतं. त्यानं बंदुकीला हात घातला, पण भोवताली माणसं खूप होती आणि त्यातली काही हसत होती.

घरी बापानं पट्टा काढला. "त्याचे दात पाडलेस, आता आपल्या सगळ्यांची हाडं मोजून घे," म्हणाला, आणि हात दुखेपर्यंत मारलं. आई, लिबोरिया, चुलीपाशी उभी होती. ती मध्ये पडली नाही. धाकटा नोफ्रियो तेवढा बापाच्या पायाला मिठी मारून ओरडत होता, "वीताला नको, वीताला नको." तीन बहिणींच्या पाठीवरचा हा एकुलता एक मुलगा. त्याला वाढवला तो वीतानं, कडेवर घेऊन.

दुसऱ्या दिवशी ती सुजलेल्या पाठीनं बागेत आली, तर पलीकडच्या झाडावर काम करणारा गास्पारे तिच्यासमोर येऊन उभा राहिला. त्यानं मूठ उघडली. तळहातावर एक पिवळट दात होता.

"गवतात सापडला. तुझंच काहीतरी पडलंय वाटतं," तो म्हणाला.

वीता हसली. पाठ दुखत होती तरी हसली. पुढच्या ईस्टरला त्यांचं लग्न झालं.

काही वर्षांनी सरकारनं बॅरनची जमीन तोडून वाटली. गास्पारेला सोडतीत नदीकडच्या उतारावरचा तुकडा आला, जुन्या, पोटात पोकळ झालेल्या नोचेल्लारा झाडांचा. बॅरन पालेर्मोला निघून गेला. राखणदार कुठंही गेले नाहीत. त्यांचा म्होरक्या होता डॉन मोम्मो, बुटका, कायम सर्दी झालेला माणूस. त्यानं गावाच्या वेशीवर वखार काढली आणि कळवलं की यापुढे खोऱ्यातलं ताटाचं ऑलिव्ह याच वखारीत यायचं, दुसरीकडे नाही. भाव तोच ठरवणार, डागही तोच ठरवणार. ज्याला पटलं नाही त्याच्या खेचराच्या पायाच्या नसा कुणीतरी कापून ठेवायचं. मग पटायचं.

नोफ्रियो विशीत आला आणि डॉन मोम्मोच्या माणसांत जाऊन बसला. एका रविवारी तो वीताकडे जेवायला आला तो नवा कॉर्डुरॉयचा कोट-विजार घालून, खांद्याला दुनळी बंदूक लावून.

"ही घरात आणू नकोस," वीता म्हणाली.

"अगं, रिकामी आहे."

"तूही रिकामाच आहेस. म्हणून सांगते. बाहेर ठेव."

गास्पारेनं त्याला शेवया वाढल्या आणि चिडवलं, "मेव्हणा मोठा झाला. आता आमच्या झाडांची राखण करणार."

"करतो की," नोफ्रियो म्हणाला. "तू फक्त वखारीत माल घाल. कशाला त्या पालेर्मोच्या व्यापाऱ्याशी बोलणी करतोस? सगळ्यांना कळलंय."

ते खरं होतं. गास्पारेनं परस्पर एक व्यापारी गाठला होता, आणि शेजारच्या उतारावरच्या चार-पाच घरांनाही तयार केलं होतं. त्यानं नोफ्रियोच्या पेल्यात वाइन ओतली. "सांग तुझ्या धन्याला, माझी झाडं आहेत, मी ठरवीन."

आधी कुत्रा गेला. सकाळी वीता बागेत आली तर तो फाटकाला तारेनं टांगलेला होता. जीभ बाहेर आलेली, मागचे पाय जमिनीला जेमतेम टेकत होते. त्याला मरायला बराच वेळ लागला असणार, फाटकाच्या लाकडावर नखांचे ओरखडे होते. मग नदीकडची झाडांची अख्खी ओळ कापली गेली. कमरेच्या उंचीवर, करवतीनं, फळांसकट. कच्ची ऑलिव्ह पानांत पडून होती. शेजारची घरं एकेक करून वखारीकडे वळली. "गास्पारे, पोरंबाळं आहेत रे," एवढंच म्हणायची आणि दार लावून घ्यायची.

गास्पारेला पोरंबाळं नव्हती. त्यानं रविवारी दाढी केली, पांढरा सदरा घातला आणि प्रार्थना सुटल्यावर चर्चच्या पायऱ्यांपाशी, गाव बघत असताना, डॉन मोम्मोच्या थोबाडीत दिली. टोपी उडून पडली. सारो धावला, पण डॉन मोम्मोनं हात वर करून त्याला थांबवलं. खिशातून रुमाल काढून नाक पुसलं. वाकून स्वतःची टोपी स्वतः उचलली.

"काही लागलं नाही," तो म्हणाला. "गास्पारे रागात आहे. झाडं गेली बिचाऱ्याची."

त्या दिवसापासून गास्पारे मेलेलाच होता, फक्त चालत होता. बायका वीताकडे विधवेकडे बघावं तसं बघायला लागल्या. न्हाव्यानं त्याची दाढी केली आणि पैसे घेतले नाहीत. गास्पारेनं आग्रह केला तर न्हावी मान खाली घालून म्हणाला, "असू दे रे. असू दे."

"आपण जाऊया," वीता म्हणाली. "माझी बहीण आहे अर्जेंटिनात. उद्या जाऊया."

"तोड संपली की बघू. फळ झाडावर ठेवून कुठं जायचं?"

"फळ गेलं खड्ड्यात!"

तो तिच्याकडे बघतच राहिला. नोचेल्लाराबद्दल असं ती कधी बोलली नव्हती.

तोडणीच्या मध्यावर ते आले. ऊन चढलं होतं, बागेत पंधरा-वीस माणसं झाडांवर होती. सारो घोड्यावर, बांधापाशी थांबलेला. नोफ्रियो पायी, एकटा, झाडांमधून येत होता. वीतानं त्याला पाहिलं आणि तिला वाटलं, कुणीतरी सांगायला पाठवलं असेल, अजून बोलणी होतील. घरचा म्हणूनच तर त्याला पाठवलं होतं. दुसरा कुणी गास्पारेच्या शिडीच्या जवळ पोचू शकला नसता.

"गास्पारे, जरा इकडं वळ," नोफ्रियो म्हणाला.

गास्पारे वळला. त्यानं मेव्हण्याला ओळखलं, काहीतरी बोलायला तोंड उघडलं. नोफ्रियोनं कोटाखालून दुनळी काढली आणि दोन्ही नळ्या त्याच्या छातीत झाडल्या. गास्पारे फांदीतून घसरत, टोपलीसकट खाली आला. ऑलिव्ह सगळीकडे उडाली.

वीता तिच्या झाडावरून उतरली की पडली, ते तिला पुढं कधी आठवलं नाही. नोफ्रियो काडतुसं भरत होता, एक काडतूस खाली पडलं. वीतानं आपली तीन पायांची शिडी दोन्ही हातांनी उचलली आणि त्याच्या गुडघ्यावर घातली. तो किंचाळत खाली बसला. तिनं शिडी पुन्हा उचलली. त्याच गुडघ्यावर, पुन्हा, पुन्हा, हाडाचा आवाज बदलेपर्यंत. बांधावरून सारोनं गोळी झाडली. छऱ्यांनी तिचा डावा कान आणि त्यामागचे केस उडवून नेले. तिला कळलंही नाही. मानेवरून रक्त वाहत होतं आणि ती मारत होती. सारोनं घोडा वळवला आणि नोफ्रियोला तिथंच टाकून तो निघून गेला.

मग तिनं शिडी सोडली, भावाची कॉलर धरली आणि नवऱ्याच्या शेजारी बसून राहिली.

"वीते," नोफ्रियो रडत होता, "मला सांगितलं होतं गं. मी नाही म्हटलं असतं तर त्यांनी मला मारलं असतं."

"मग मरायचं होतंस."

पोलीस येईपर्यंत तिनं कॉलर सोडली नाही.

ठाण्याचा फौजदार उत्तरेकडचा, गावात नवा. त्यानं तोडणीवाल्यांना ओळीत उभं केलं आणि कुणी काय पाहिलं ते विचारलं.

"मी खाली वाकलो होतो, साहेब," पहिला म्हणाला.

"मीपण वाकलेलो."

"माझी बुटाची नाडी सुटली होती."

फौजदारानं टोपी काढून घाम पुसला. "काय रे, तुमच्याकडं ऑलिव्ह झाडाला लागतात की बटाट्यासारखी जमिनीतून काढतात? सगळेच कसे वाकलेले?"

कुणी हसलं नाही. वीता कानाला फडकं दाबून उभी होती. "मी पाहिलं," ती म्हणाली. "बंदूक माझ्या भावानं चालवली, नोफ्रियोनं. घोड्यावर सारो होता. पाठवणारा डॉन मोम्मो. लिहा."

आई इस्पितळात आली. वीताला वाटलं, गास्पारेसाठी रडायला आली असेल. लिबोरियानं दार लावून घेतलं.

"तू घाबरली होतीस, नीट दिसलं नाही, असं सांग."

"मला नीट दिसलं, आई."

"माझ्या पोटी एकच मुलगा आहे."

"माझा एकच नवरा होता."

लिबोरियानं पट्टी बांधलेल्या बाजूनंच तिच्या थोबाडीत मारली. पट्टी लाल झाली. "तू माझी कुणी नाहीस," ती म्हणाली, आणि त्यानंतर रस्त्यात मुलगी समोर आली की ती पलीकडं जायची आणि जमिनीवर थुंकायची.

त्रापानीच्या कोर्टात नोफ्रियो लोखंडी पिंजऱ्यात बसला होता. वकिलानं वीताला विचारलं, भावाशी भांडण होतं का, वाटणीवरून वाद होता का, नवरा तिला मारायचा का. ती एकटीच साक्षीदार. ज्या दुनळीतून गोळ्या सुटल्या ती ठाण्यातून हरवली होती. सारो त्या दिवशी कास्तेलवेत्रानोच्या बाजारात होता असं सांगायला चार माणसं आली, डॉन मोम्मोला तर कुणी बोलावलंही नाही. कोर्टानं पुरावा अपुरा ठरवला आणि दोघांना सोडलं.

नोफ्रियो गावात परतला तेव्हा त्याचा पाय लाकडासारखा ताठ झाला होता. डॉन मोम्मोनं त्याला वखारीबाहेर एक खुर्ची दिली. तो दिवसभर तिथं बसायचा आणि येणारेजाणारे टोपी काढायचे. वीता त्याच रस्त्यानं खेचर घेऊन जायची. पहिल्या वेळी त्यानं मान वळवली. नंतर तोही बघायला लागला आणि तीही. बागेत तिला यायला पुरुष तयार नव्हते, बायकाच यायच्या, त्यातही ज्यांच्या घरी पुरुष उरला नव्हता त्या. पास्का नावाची एक विधवा सगळ्यांत आधी आली. कापलेल्या झाडांना बुंध्यापासून फुटवे फुटले होते, पण ते रानटी, बारीक फळाचे. वीतानं गास्पारेचा चाकू घेऊन त्यांच्यावर नोचेल्लाराची कलमं बांधली. एकदा बांधलेली कलमं कुणीतरी उपटून फाटकावर लटकवली. तिनं पुन्हा बांधली. त्या हिवाळ्यात तिच्या खेचराला विष घातलं. मग ती टोपल्या डोक्यावरून नेऊ लागली.

रोज काम करताना ती एकच गोष्ट मनात घोळवायची, कोयता नोफ्रियोच्या मानेत कसा घालायचा. कोणत्या बाजूनं, किती जोरात. हे तिनं पास्काला एकदा सांगितलंही. पास्का म्हणाली, "घाल की. मी वाकलेली असेन." दोघी तोंड दाबून हसल्या.

मग काही वर्षांनी डॉन मोम्मोला नोफ्रियोचा संशय यायला लागला. लंगडा माणूस पळू शकत नाही, आणि पळू न शकणारा माणूस कधीतरी पोलिसांशी सौदा करतो, असा त्याचा हिशेब. फौजदार एकदा वखारीपुढं थांबून नोफ्रियोकडून काडेपेटी मागून गेला. तेवढं पुरलं. एका सकाळी ती खुर्ची वखारीबाहेर नव्हती.

नोफ्रियोला कळलं. तो निघाला, आणि कुठं जावं ते न कळून त्याचे पाय बहिणीच्याच बागेकडं वळले. तोडणीचेच दिवस होते. बायका झाडांवर होत्या. तो ताठ पाय ओढत, घामानं निथळत वीताच्या झाडाखाली आला.

"वीते, मला लपव. येतायत ते."

वीता उतरली. कोयता कमरेला होता. तिनं तो काढला, बघितला आणि बाजूला फेकला. मग तिनं मुठी वळल्या आणि भावाला मारायला सुरुवात केली. नाकावर, तोंडावर, छातीवर. तो पडला, तिनं त्याला कॉलर धरून उभं केलं आणि पुन्हा मारलं. त्यानं हात वर केले नाहीत. "मार," एवढंच तो फुटलेल्या ओठांनी म्हणाला, "मार गं." बायका उतरून भोवती उभ्या राहिल्या, कुणी मध्ये पडलं नाही. वीताचे हात सोलवटले. ती किती वेळ मारत होती देव जाणे, पण तेवढ्या वेळात तो बांध ओलांडून नदीत उतरू शकला असता.

मोटारसायकलचा आवाज आला. सारो आणि अजून एक पोरगेलासा माणूस. सारोनं झाडाखालचा प्रकार पाहिला आणि पडलेल्या दातांच्या फटीतून हसला.

"हो बाजूला, वीता. तुझंच काम करायला आलोय."

वीता धापा टाकत होती. तिनं भावाकडं पाहिलं. त्याचं तोंड ओळखू येत नव्हतं, लहानपणी पडून यायचा तेव्हा असायचं तसं झालं होतं. ती त्याच्या पुढं येऊन उभी राहिली.

"माझं काम मी करीन. तू चालता हो."

"येडी झालीस? यानं तुझा नवरा मारला."

"मला ठाऊक आहे कुणी मारला. तू बांधावर होतास."

दुसऱ्यानं तिला दंडाला धरून खेचलं. तिनं त्याच्या हाताचा इतका कडकडून चावा घेतला की तोंडात मांस आलं. तो ओरडला आणि बंदुकीच्या दस्त्यानं तिच्या तोंडावर मारलं. ती पडली. पडता पडता तिनं सारोला दोन पावलं पुढं जाताना पाहिलं. नोफ्रियो गुडघ्यावर होता, ताठ पाय बाजूला पसरलेला. त्यानं वीताकडं बघितलं, सारोकडं नाही. दोन गोळ्या झाल्या.

फौजदार तोच होता, आता केस पांढरे झालेला. त्यानं बायकांकडं पाहिलं आणि थकलेल्या आवाजात म्हणाला, "सांगा. कुणाकुणाची नाडी सुटली होती?"

वीताचा जबडा सुजला होता, शब्द नीट निघत नव्हते. "सारो," ती म्हणाली. "दुसऱ्याचं नाव माहीत नाही. उजव्या मनगटावर माझे दात असतील. बघा."

"अहो, पण हा तर तुमच्या नवऱ्याला..."

"मी विचारलंय का तुम्हाला? तुम्ही विचारलंत, कुणी पाहिलं. मी पाहिलं."

मग पास्का पुढं आली, पदरासारखा ओढलेला काळा रुमाल तिनं मागं सारला. "मीपण पाहिलं," ती म्हणाली. "सारोच होता. मी वाकलेली नव्हते."

त्या आठवड्यात गावानं लिबोरियाला केस मोकळे सोडून दारोदार फिरताना पाहिलं. "बागेत तुझी सून होती ना, तुझी बहीण होती ना, तिला सांग साक्ष द्यायला," ती विनवायची. "मावशी, ती त्या दिवशी आजारी होती," लोक म्हणायचे. "मावशी, तिला लांबचं दिसत नाही." एकानं तर तोंडावर सुनावलं, "तुम्हीच नाही का मुलीला सांगायला गेला होतात, नीट दिसलं नाही म्हण?" सगळी दारं संपल्यावर ती वीताच्या दारात येऊन उभी राहिली.

"मी सांगून आलेय," वीता म्हणाली. "त्याच दिवशी. आत ये."

खटला यावेळी टिकला. मनगटावरचे दात तिचेच निघाले, त्या पोरगेल्या माणसानं जीव वाचवायला सारोचं नाव घेतलं, आणि सारोला तीस वर्षांची शिक्षा झाली. तो तुरुंगातच मेला. डॉन मोम्मोला काही झालं नाही. पुढं कधीतरी सरकारनं त्याला हद्दपार करून एका बेटावर ठेवलं, तो सर्दीसकट परत आला आणि आपल्या बिछान्यात मेला. त्याच्या अंत्ययात्रेला सगळं गाव होतं. पास्का सांगते, त्या दिवशी तिनं आणि वीतानं बागेत एका अख्ख्या झाडाची फळं उतरवली.

लिबोरिया मुलीच्या घरी राहिली. तिनं माफी मागितली नाही आणि वीतानं ती मागायला लावली नाही. नोफ्रियोला कुठं पुरायचं यावर मात्र दोघी एकदा भांडल्या. गास्पारेच्या शेजारी जागा होती. वीतानं ती दिली नाही. लिबोरियानं एक ताट भिंतीवर फोडलं, मग तुकडे स्वतःच गोळा केले.

नोफ्रियोला पुरलं त्याच शरद ऋतूत घरापुरती ऑलिव्ह ठेचायला दोघी अंगणात बसल्या होत्या. सपाट दगडावर फळ ठेवायचं, गोट्यानं एक ठोका द्यायचा, साल उकलली की मिठाच्या पाण्यात टाकायचं, वर लसूण आणि पुदिना. लिबोरिया गोटा डोक्यापर्यंत उचलून आदळत होती. फळांचा चेंदा होत होता, रस तिच्या काळ्या कपड्यांवर उडत होता.

"आई, हळू. बी फुटली की कडू होतं."

"होऊ दे."

वीतानं तिच्या पुढ्यात अजून एक मूठभर ऑलिव्ह ठेवली.